जखमी माणसाचा पहिला तास : गरीब देशांत काय करता येतं?

टाकेदोरा (धागाकर्ता)

मी शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर आहे. काही वर्षांपूर्वी पूर्व आफ्रिकेतल्या एका जिल्हा रुग्णालयात दोन वर्षं काम केलं. पहिल्या दिवशी वॉर्डात शिरलो तर भिंतीलगत ओळीने अकरा खाटा. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी कप्पी, कप्पीवरून दोरी, दोरीला वजन. सगळे मांडीचं हाड मोडलेले. हाड जुळेपर्यंत सहा-सहा, आठ-आठ आठवडे तसंच उताणं पडून राहायचं. बहुतेक जण तिशीच्या आतले. कुणी मोटारसायकलवरून पडलेला, कुणाला रस्ता ओलांडताना गाडीने उडवलेलं.

सुरुवातीला वाटायचं, इथे एक बरं ऑपरेशन थिएटर आणि दोन जास्तीचे सर्जन मिळाले तर चित्र पालटेल. वर्षभराने नोंदवही घेऊन बसलो तेव्हा वेगळंच दिसलं. फासळ्या मोडून श्वास अडकलेले, मोठी रक्तवाहिनी तुटलेले लोक वहीत जवळजवळ नव्हतेच. असे अपघात तिथे होत नव्हते असं नाही. ती माणसं माझ्या दारापर्यंत पोचलीच नव्हती. माझ्या वॉर्डात होते ते वाटेत तग धरलेले.

मग १९९८ सालचा एक अभ्यास हाती लागला. चार्ल्स मॉक आणि सहकाऱ्यांनी घानातलं कुमासी, मेक्सिकोतलं माँतेरे आणि अमेरिकेतलं सिअ‍ॅटल अशा तीन शहरांतल्या गंभीर जखमींची तुलना केली होती. सिअ‍ॅटलमध्ये ३५% दगावले, माँतेरेमध्ये ५५%, कुमासीत ६३%. त्याच्याही पुढची ओळ मला जास्त महत्त्वाची वाटली. कुमासीतल्या मृत्यूंपैकी ८१% रुग्णालयात पोचण्याआधीच झालेले होते.

म्हणून हा धागा. जिथे अँब्युलन्स नाही, रस्ता धड नाही, रक्तपेढी शंभर किलोमीटरवर आहे, तिथे जखमी माणसासाठी आज काय करता येतं? आणि तो जखमीच होऊ नये म्हणून काय? ज्यांनी अशा ठिकाणी काम केलंय त्यांनी जरूर लिहा, नसेल केलं तरी प्रश्न विचारा.

पायवाट

डॉक्टर, मनापासून लिहिलंय. एक शंका. या देशांत मलेरिया, क्षयरोग, एड्सने इतकी माणसं जातात. तुटपुंज्या पैशांत आधी तिकडे बघायला नको का?

आकडेमोड

पायवाट, ही शंका बऱ्याच जणांना येते म्हणून सविस्तर लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानुसार इजा आणि हिंसाचार मिळून दरवर्षी सुमारे ४४ लाख लोक मरतात. तुम्ही घेतलेल्या तिन्ही आजारांची बेरीज त्याहून कमी भरते. या ४४ लाखांतले सुमारे १२ लाख रस्त्यावरचे, जवळपास ७ लाख पडून, ३ लाखांच्या आसपास बुडून. ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचं पहिलं कारण रस्ता आहे. म्हणजे घरातलं जे माणूस शिकतंय किंवा नुकतं कमावतं झालंय, नेमकं तेच.

आणि वाटणी पाहा. २०१८ च्या अहवालात सर्वांत गरीब देशांकडे जगातली जेमतेम १% वाहनं होती, पण रस्त्यावरचे १३% मृत्यू तिथले होते. गाड्या कमी, मरणं जास्त. कारण मरणारा बहुधा गाडीत नसतोच. तो पायी चालत असतो, सायकलवर असतो, नाहीतर मोटारसायकलवर मागे बसलेला असतो.

रस्ता सुधारला की इजा कमी होतील असंही आपण धरून चालतो. मातीच्या रस्त्यावर गाड्या तीसच्या वेगाने जायच्या. तो डांबरी झाला की ऐंशीने जातात, आणि बाजार, शाळा, विहीर सगळं जिथल्या तिथेच असतं. सरासरी वेग १% वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे ४% वाढतो. रस्त्याच्या अंदाजपत्रकात डांबर असतं, पण पायी चालणाऱ्याला जागा नसते. मला यातलं हे सगळ्यांत जास्त खुपतं.

मधली_सुट्टी

मी शिक्षिका आहे, म्हणून टांझानियातल्या दार-ए-सलामचं उदाहरण देते. तिथे अमेंड या संस्थेने शाळांभोवती काम केलं. एका शाळेपाशी गतिरोधक घातले, दुसऱ्या ठिकाणी पायवाट आखून कडेला खांब रोवले, काही ठिकाणी तर शाळेचं फाटकच मोठ्या रस्त्यावरून आतल्या गल्लीकडे वळवलं. अशा शाळांत मुलांना होणाऱ्या इजा साधारण एक चतुर्थांशाने घटल्या. या कामाला २०१९ साली शहरांसाठीचं रॉस पारितोषिकही मिळालं.

आम्ही मुलांना सांगत राहतो, "उजवीकडे बघा, डावीकडे बघा." सात वर्षांच्या मुलाला येणाऱ्या गाडीचा वेग जोखता येत नाही, त्या वयात मेंदूची तेवढी तयारीच झालेली नसते. फाटक हलवलं तर मुलाला निदान शाळेच्या दारात तरी काही जोखावं लागत नाही.

परिचारिका_स

भाजलेल्यांच्या वॉर्डात चौदा वर्षं काढली आहेत. रस्त्याबद्दल सगळे बोलतात, घरातल्या इजांबद्दल फार कमी.

श्रीलंकेतले शल्यचिकित्सक विजय गोडाकुंबुरा यांचं काम इथे सांगायलाच हवं. वीज नसलेल्या घरांत लोक रिकाम्या बाटलीत किंवा डब्यात रॉकेल भरून वात लावत. उंच, हलका दिवा. धक्का लागला की कलंडायचा, रॉकेल सांडायचं, पेट घ्यायचं. भाजलेली मुलं आणि बायका त्यांच्यासमोर येत राहिल्या. त्यांनी दिवाच बदलला. बुटकी, जाड काचेची, जड बाटली. दोन बाजू सपाट, म्हणजे आडवी झाली तरी गडगडत जाणार नाही. वर आट्यांचं घट्ट झाकण, म्हणजे तेल सांडणार नाही. या कामाला १९९८ साली रोलेक्स पुरस्कार मिळाला.

एका शल्यचिकित्सकाला त्वचारोपण करत आयुष्य काढता आलं असतं. त्यांनी आपल्याकडे येणारी रांगच कमी केली. मला या माणसाबद्दल फार आदर आहे.

दुसरं बांगलादेशचं. तिथे चार वर्षांखालची मुलं घराजवळच्या तळ्यात बुडतात, आणि बहुतेक वेळा सकाळच्या प्रहरी. आई चुलीपाशी किंवा शेतात, बाबा कामावर, मोठी भावंडं शाळेत. आईला दोष देऊन काय होणार? 'आँचल' नावाची गावातली पाळणाघरं उभी राहिली. सकाळी नऊ ते एक, गावातलीच एक प्रशिक्षित बाई वीस-पंचवीस मुलांना सांभाळते. पाळणाघरात जाणाऱ्या मुलांमध्ये बुडून मरण्याचं प्रमाण ८०% हून अधिक घटल्याचं अभ्यासात दिसलं. यात ना यंत्र लागलं ना औषध.

टाकेदोरा (धागाकर्ता)

सिस्टर, दिव्याबद्दल लिहिलंत ते फार बरं झालं. मी इजेवर उपचार करायला शिकलो, पण वैद्यकीय शिक्षणात हा दिवा मला कुणी शिकवला नाही.

आता पहिल्या तासाकडे वळतो. घानात अपघातातल्या जखमीला रुग्णालयात आणायचे कोण? टॅक्सीवाले, मिनीबसवाले, ट्रकवाले. मॉक आणि त्यांच्या घानाच्या सहकाऱ्यांनी विचार केला की आणतात तेच, तर शिकवूही त्यांनाच. ३३५ व्यावसायिक चालकांना सहा तासांचं प्रथमोपचाराचं शिक्षण दिलं. नंतर पुन्हा भेटलेल्या चालकांपैकी ६१% जणांनी तोवर प्रत्यक्ष कुणाला तरी मदत केलेली होती. आधी रक्त थांबवण्याचा प्रयत्न ४% जण करायचे, नंतर ४२%. श्वासाची वाट मोकळी ठेवणं २% वरून ३५% वर गेलं. हा अभ्यास २००२ सालचा. युगांडातल्या कंपालातही पोलीस, टॅक्सीचालक, वस्तीतले पुढारी अशा ३०७ जणांना असंच शिकवलं गेलं.

रोखठोक

मला हे पटत नाही, आणि स्पष्टच लिहितो. श्रीमंत देशात जखमीसाठी हेलिकॉप्टर येतं आणि गरीब देशात ट्रक ड्रायव्हर? गरिबांसाठी गरीब उपाय, असंच ना? सहा तासांच्या शिबिराचे फोटो निघतात, अहवाल लिहिले जातात, आणि सरकार सुटतं. अँब्युलन्स देणं ही सरकारची जबाबदारी आहे. ती ड्रायव्हरच्या खांद्यावर टाकणं हा अन्याय आहे, त्याच्यावरही आणि जखमीवरही.

लांबचा_पल्ला

रोखठोक, मी वीस वर्षं मालवाहतुकीत आहे, म्हणून एवढंच सांगतो. शिबिर झालं नाही तरी ड्रायव्हरसमोर अपघात होतोच. रात्री दोनला निर्जन रस्त्यावर माणूस पडलेला दिसतो तेव्हा जबाबदारी कुणाची हा प्रश्न नसतो. तुम्ही थांबता किंवा थांबत नाही. थांबलात आणि काहीच येत नसेल तर तो तुमच्यासमोर जातो. माझ्यासमोर असा एक गेला आहे. मांडीतून रक्त वाहत होतं. मी त्याला पाणी पाजत बसलो. दाबून धरायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

टाकेदोरा (धागाकर्ता)

लांबचा पल्ला, हे लिहिल्याबद्दल आभार. तुम्ही थांबलात, ही त्या रात्रीची मोठी गोष्ट होती.

रोखठोक, तुमचा राग योग्य आहे आणि मी तो खोडून काढणार नाही. घानाचंच पुढचं सांगतो. ९ मे २००१ ला राजधानी अक्राच्या स्टेडियममध्ये फुटबॉल सामन्यानंतर पोलिसांनी अश्रुधूर सोडला, चेंगराचेंगरी झाली, १२६ माणसं गेली. तेव्हा देशात राष्ट्रीय अँब्युलन्स सेवा नव्हती. त्या धक्क्यानंतर २००४ साली ती सुरू झाली. २००९ मध्ये कुमासीच्या कोम्फो अनोक्ये रुग्णालयात अपघात आणि आपत्कालीन विभागाची नवी इमारत उघडली, त्या शाखेचं पदव्युत्तर शिक्षण तिथेच सुरू झालं. म्हणजे चालकांना शिकवलं म्हणून सरकार सुटलं असं झालं नाही.

फक्त ड्रायव्हर पुरे, असं मी म्हणत नाही. अँब्युलन्स आली तरी पहिली दहा मिनिटं रस्त्यावरच्या माणसाच्याच हातात असतात. उत्तर इराक आणि कंबोडियात १९९७ ते २००१ या काळात नॉर्वेच्या हान्स हुसुम यांच्या गटाने भूसुरुंगग्रस्त भागात काम केलं. गावकऱ्यांची खालची फळी, तिच्या वर प्रशिक्षित वैद्यकीय सहायक, आणि मग रुग्णालय. जखमींमधलं मृत्यूचं प्रमाण ४०% वरून सुमारे १५% वर आलं. दोन्ही फळ्या एकमेकींना धरून होत्या. खालच्या फळीने जखमीला जिवंत ठेवलं नसतं तर वरच्या फळीला करायला काही उरलं नसतं.

भूलतज्ज्ञ

रुग्णालयाच्या दाराच्या आतलं मी लिहिते.

ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड हे औषध रक्ताची गुठळी टिकवून धरतं. जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोटो या संशोधक दांपत्याने १९६० च्या दशकात ते तयार केलं. बाळंतपणातला रक्तस्राव हा उताकोंचा ध्यास होता. पुढे जखमींवर त्याची मोठी चाचणी झाली, ४० देशांतली २७४ रुग्णालयं, २०,००० हून अधिक रुग्ण. २०१० मध्ये निकाल छापला गेला. मृत्यूचं प्रमाण १६% वरून १४.५% झालं. आकडा लहान वाटेल, पण औषध स्वस्त आहे आणि शिरेतून कुणीही शिकलेली नर्स देऊ शकते. अट एकच, तीन तासांच्या आत. त्यानंतर दिलं तर फायदा उरत नाही, उलट रक्तस्रावाने मरण्याचा धोका वाढतो. २०११ पासून ते अत्यावश्यक औषधांच्या जागतिक यादीत आहे.

इथे वरची सगळी चर्चा येऊन मिळते. जखमी चार तासांनी पोचला तर कपाटातली ती कुपी निरुपयोगी.

बाकी जे लागतं ते साधंच आहे. ऑक्सिजन, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर, छातीत नळी घालता येणारा एक माणूस, आणि रक्त. छातीत हवा कोंडून गुदमरणारा रुग्ण एका नळीने दोन मिनिटांत गुलाबी होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. नळी कपाटात असते, कुलपाची किल्ली घरी गेलेल्या माणसाकडे असते, हेही पाहिलंय. त्या रुग्णालयाचं नाव घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ साली अत्यावश्यक जखमी-उपचारांची मार्गदर्शिका काढली, तिच्यात कुठल्या पातळीच्या रुग्णालयात काय असायलाच हवं याचे तक्ते आहेत. ते तक्ते घेऊन आपल्याच कपाटासमोर उभं राहावं. अर्ध्या उणिवा बिनपैशाच्या निघतात.

शब्दवेल्हाळ

वैद्यकीय भाग मला कळत नाही, एक शब्दाचं बोलायचं होतं. ब्रिटिश मेडिकल जर्नलने २००१ मध्ये ठरवलं की इजांबद्दल लिहिताना 'अ‍ॅक्सिडेंट' हा शब्द वापरायचा नाही, कारण त्यात 'टाळता आलं नसतं' असं गृहीत धरलं जातं. आपल्या 'अपघात' शब्दालाही तोच वास चिकटलाय. माणूस वाचला तर आपण म्हणतो, "काळ आला होता, पण वेळ आली नव्हती." गेला की "वेळ भरली." पण वेळ भरण्याच्या आत दिवा कलंडला होता, फाटक चुकीच्या बाजूला होतं, किल्ली घरी होती.

रोखठोक

शब्दवेल्हाळ, सहमत. आणि टाकेदोरा, हुसुम यांचं काम वाचलं. माझा मुद्दा मागे घेत नाही, पण 'दोन्ही फळ्या' हे मान्य.

आकडेमोड

प्रवाशांच्या बाजूचं एक उदाहरण राहिलं. केनियातल्या मटाटू म्हणजे भरधाव मिनीबस. अर्थशास्त्रज्ञ जेम्स हबियारिमाना आणि विल्यम जॅक यांनी काही मटाटूंच्या आत चिठ्ठ्या चिकटवल्या. चालक बेदरकार चालवत असेल तर गप्प बसू नका, बोला, एवढाच मजकूर. कुठल्या गाडीत लावायच्या ते कुणी मर्जीने निवडलेलं नव्हतं. त्या गाड्यांचे विम्याचे दावे निम्म्याने ते दोन तृतीयांशाने घटले. पुढे मोठ्या प्रमाणावर केलं तेव्हा घट पाव ते एक तृतीयांश राहिली. तरीही एका कागदाच्या तुकड्याच्या मानाने थोर आहे. बसमध्ये घाबरलेले सगळेच असतात, पहिलं कुणी बोलायचं एवढंच अडलेलं असतं.

हेल्मेटचं तर सगळ्यांना ठाऊकच आहे, मृत्यूचा धोका ४२% ने आणि डोक्याच्या इजेचा ६९% ने घटतो. व्हिएतनामने १५ डिसेंबर २००७ पासून सक्ती केली आणि बघता बघता ९०% हून जास्त स्वार हेल्मेट घालू लागले. पण लहान मुलांसाठी दंडाची तरतूद राहून गेली. आईबापांच्या डोक्यावर हेल्मेट, मध्ये बसलेलं मूल उघडं. २०१० मध्ये ती फट बुजवावी लागली.

पायवाट

माझी सुरुवातीची शंका फिटली. डॉक्टर, त्या अकरा खाटांचं पुढे काय झालं?

टाकेदोरा (धागाकर्ता)

हाडाच्या पोकळीत घालायचा एक सळईसारखा खिळा असतो. तो बसवताना सहसा थिएटरमध्ये सतत चालू असणारं क्ष-किरण यंत्र लागतं, आणि ते आमच्याकडे नव्हतं. अमेरिकेतले अस्थिशल्यविशारद लुइस झर्कल यांनी त्या यंत्राविना बसवता येईल असा खिळा बनवला आणि १९९९ मध्ये साइन ही संस्था काढून तो गरीब देशांतल्या रुग्णालयांना पुरवायला सुरुवात केली. आमच्या मोठ्या रुग्णालयाकडे तो होता. मी आठवडाभर तिथे जाऊन शिकलो. त्यानंतर रुग्ण दोन-चार दिवसांत कुबड्या घेऊन उभे राहू लागले. सगळे नाहीत. तिघांची जखम चिघळली, त्यातल्या एकाचा पाय कायमचा आखूड झाला. त्याचा चेहरा विसरलेलो नाही.

खाटेवरच्या दोन महिन्यांची किंमत फक्त हाडात मोजता येत नाही. घरचं एक माणूस सोबतीला अडकतं, म्हणजे दोघांची मजुरी बुडते. गुरं विकली जातात. थोरल्या मुलीची शाळा सुटते.

आणि नोंदवही. युगांडाच्या शल्यचिकित्सक ऑलिव्ह कोबुसिंग्ये यांनी १९९० च्या दशकात कंपालात जखमींची नोंद सुरू केली, त्यातूनच 'कंपाला ट्रॉमा स्कोअर' आला. वय, रक्तदाब, श्वासाची गती, शुद्ध, गंभीर जखमा किती. एवढ्यावर जखमी किती अत्यवस्थ आहे ते कळतं. संगणक नको, स्कॅन नको. मीही वर्षभर तेच एक पान भरत होतो. त्या पानाशिवाय हा धागा लिहिला नसता.

लांबचा_पल्ला

डॉक्टर, एक विचारायचं होतं. माझा भाचा टांझानियात एका वाहतूक कंपनीत व्यवस्थापक आहे. चाळीसेक ड्रायव्हर आहेत. हा धागा त्याला वाचून दाखवला, तो तयार आहे. सुरुवात कशी करायची?

टाकेदोरा (धागाकर्ता)

फार आनंद झाला. त्याला हे कळवा.

शिकवायला जवळच्या रुग्णालयातली आपत्कालीन विभागातली नर्स बोलवावी, परदेशी पाहुणा नको. भाषा तिथलीच, स्वाहिली. पहिला तास ड्रायव्हरांना बोलू द्यावं, त्यांनी काय काय पाहिलंय ते. प्रत्येकाकडे एक तरी प्रसंग असतो, आणि पुढचं शिक्षण त्या प्रसंगांवरच बेतावं.

शिकवायचं थोडंच. आधी गाडी आडवी लावून जागा सुरक्षित करणं. रक्त वाहतंय तिथे कापडाने जोरात दाबणं आणि हात न काढणं. हातापायातून तरीही थांबत नसेल तर जखमेच्या वर रुंद पट्टा आवळून वेळ लिहून ठेवणं. बेशुद्ध माणसाला मान सरळ धरून कुशीवर वळवणं. मोडलेला पाय फळीला बांधणं. पोटाच्या किंवा छातीच्या जखमीला पाणी न पाजणं. जवळचं रुग्णालय कुठलं आणि खरोखर शस्त्रक्रिया करणारं कुठलं, याची यादी मार्गाप्रमाणे केबिनमध्ये लावणं. सगळं एकमेकांवर करून पाहायला लावा, नुसतं सांगून हाताला सवय होत नाही. सहा महिन्यांनी उजळणी हवीच, नाहीतर विसरतं.

पेटीत रुंद पट्ट्या, कात्री, दोन फळ्या, विजेरी, एक चादर. हातमोज्यांच्या चार-पाच जोड्या. हातमोजे मात्र पेटीत ठेवू नका. केबिनच्या उन्हात एकमेकांना चिकटतात आणि ऐन वेळी फाटतात. कापडी पिशवीत घालून सीटखाली ठेवा, आणि दर तीन महिन्यांनी बदला.